२०० मेगापिक्सेलचा फोटो शेवटी १२चाच का निघतो? (फोनच्या कंपन्यांची तुलना करायची तरी कशी)

वाटाड्या:
मंडळी, जुना फोन दुपारी तीनलाच मान टाकतो. म्हणून नवा घ्यायचं ठरवलं आणि रीतसर एक्सेल उघडलं. आडवे सहा फोन, उभ्या चोवीस ओळी. प्रोसेसर, रॅम, स्क्रीनची चमक, रिफ्रेश रेट, मेगापिक्सेल, एमएएच (बॅटरीची क्षमता), चार्जिंगचे वॅट, सगळं. ज्या ओळीत जो जिंकेल त्याचा चौकोन हिरवा. तीन आठवडे हा उद्योग चालला होता.

काल रंगवून झालं. सर्वांत हिरवा निघाला तो फोन माझ्या भावाकडे आहे. महिनाभर मी तोच वापरला होता आणि वैतागून परत दिला होता. सर्वांत कोरडा निघाला त्याची चार वर्षं जुनी आवृत्ती बायकोकडे आहे, आणि ती फोन बदलायचं नावसुद्धा काढू देत नाही.

मग म्हटलं, हाच तक्ता २००७ साली केला असता तर? नोकिया एन९५: ५ मेगापिक्सेल, कार्ल झाइसची लेन्स, ३जी, जीपीएस, व्हिडिओ. पहिला आयफोन: २ मेगापिक्सेल, ३जी नाही, जीपीएस नाही, व्हिडिओ नाही. ॲप स्टोअर आलं २००८ च्या जुलैत, कॉपी-पेस्ट तर थेट २००९ मध्ये. स्क्रीनचा आकार वगैरे काही ओळी सोडल्या तर आयफोनच्या वाट्याला हिरवा चौकोन शोधून सापडला नसता. पण बोट फिरवलं की यादी बोटाला चिकटल्यासारखी सरकायची, आणि सोडलं की हळूहळू थांबायची. त्याला माझ्या तक्त्यात ओळच नाही.

तर प्रश्न असा, की माझ्या ओळी चुकल्यात की रंगवायची रीत? तुमच्याकडे असलेली आणि माझ्याकडे नसलेली ओळ सांगा. कंपन्यांवरून भांडू नका. (भांडणार आहात, माहितीये.)

टाचणी:
खिशात मावतो का, ही ओळ आहे का चोवीसात?

वाटाड्या:
नाही हो ताई. पंचविसावी केली.

डबलक्लिक:
एन९५ चं उदाहरण दर वेळी येतं आणि दर वेळी त्याचा शेवट आयफोनच्या आरतीत होतो. मग पुढचंही सांगा की! २०११ मध्ये गॅलॅक्सी नोट ५.३ इंची आला तेव्हा "कानाला पाटी लावून बोलताय का" म्हणून लोक हसले. तीन वर्षांनी आयफोन ६ प्लस ५.५ इंची निघाला, तेव्हा पाटी एकदम देखणी दिसायला लागली.

१२० हर्ट्झची (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी) स्क्रीन रेझरच्या फोनमध्ये २०१७ ला होती. ॲपलने ती २०२१ च्या १३ प्रोमध्ये दिली, आणि साध्या आयफोनला मिळायला २०२५ चा आयफोन १७ उजाडावा लागला. हुआवेच्या पी३० प्रोमध्ये पाचपट झूमचा पेरिस्कोप कॅमेरा २०१९ ला होता, आयफोनमध्ये तेवढा झूम २०२३ ला आला. नवं कोण करतं आणि तयार पानावर कोण येऊन बसतं, ते तारखाच सांगतात.

सांजवेळ:
डबलक्लिकराव, तारखा बरोबर आहेत, पण सोयीच्या तेवढ्याच निवडल्यात. एक मी देते. बोटाच्या ठशाने फोन उघडणं मोटोरोला ॲट्रिक्समध्ये २०११ ला होतं. मागच्या बटणावर बोट सरळ, ठरावीक वेगाने ओढायचं, जरा तिरकं गेलं की पुन्हा. आयफोन ५एस आला २०१३ मध्ये. त्यात बोट नुसतं टेकवायचं. फरक एवढासाच, पण त्यानंतर आकडे दाबून फोन उघडणं लोकांनी हळूहळू सोडलं. पहिला मान ॲट्रिक्सचा, हे मला मान्य आहे. माझ्या हाताला सवय मात्र ५एसने लावली.

आणि घाईने आणलेलं नवं कसं दिसतं तेही बघा. २०१९ च्या एप्रिलमध्ये सॅमसंगचा पहिला घडीचा फोन, गॅलॅक्सी फोल्ड, रिव्ह्यू करणाऱ्यांच्या हातात गेला. काहींनी स्क्रीनवरची पातळ फिल्म नेहमीचा संरक्षक कागद समजून सोलून काढली. ती स्क्रीनचाच भाग होती! फोन बाजारात यायला सप्टेंबर उजाडला.

डबलक्लिक:
सप्टेंबरात आला की नाही मग? आणि नंतरचे फोल्ड लोक वर्षानुवर्षं वापरतायत. कुणीतरी आधी सोलून घ्यावं लागतं, तेव्हा बाकीच्यांना सुखाने घडी घालता येते.

सांजवेळ:
हे वाक्य आवडलं. तरी मी माझा नाही देणार सोलायला.

टाचणी:
धाग्याचं इंजिन गरम झालं. मी शेंगदाणे आणायला जाते.

कवडसा:
शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून लिहितो. लांबेल.

गॅलॅक्सी एस२३ अल्ट्राचा २०० मेगापिक्सेलचा सेन्सर घ्या. त्यातला एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढ्याशा वाटीत प्रकाश जमणार तो किती? अंधार पडला की ती जवळजवळ रिकामीच. म्हणून फोन शेजारच्या सोळा वाट्या एकत्र ओततो, म्हणजे २.४ मायक्रॉनची एक मोठी वाटी होते. २०० ला १६ ने भागा, साडेबारा येतात. तुमच्या गॅलरीत पडतो तो हाच १२ मेगापिक्सेलचा फोटो. ह्यात फसवणूक नाही. भर उन्हात पूर्ण २०० घेऊन नंतर कातरायची सोय उरते, हा खरा फायदा आहे. पण तक्त्यात "२००" आणि "१२" शेजारी ठेवून पहिल्याला हिरवं करणं म्हणजे भांड्यांची संख्या मोजून पाणी किती ते सांगण्यासारखं.

ही ओतण्याची कल्पना जुनी आहे. नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू २०१२ चा, सेन्सर ४१ मेगापिक्सेलचा, आणि नेहमीच्या वापरात फोटो ५ मेगापिक्सेलचा. पुढच्याच वर्षी एचटीसी वन उलट्या दिशेने गेला. मेगापिक्सेल फक्त ४, पण पिक्सेल २ मायक्रॉनचे, त्या काळच्या मानाने ऐसपैस. तर्क चोख होता. पण समोरच्याच्या डब्यावर १३ लिहिलेलं असताना आपल्या डब्यावर ४ लिहून माल विकायचा, ह्याला छाती लागते. वाटाड्यांच्या तक्त्यात तो कोरडाच निघाला असता.

आणि गूगल. २०१८ च्या पिक्सेल ३ पासून २०२० च्या पिक्सेल ५ पर्यंत मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर एकच, सोनीचा आयएमएक्स३६३. हार्डवेअरच्या ओळीत तीन वर्षं शून्य प्रगती. त्याच सेन्सरवर त्यांनी नाइट साइट आणलं. पुष्कळ फोटो पटापट काढायचे, एकमेकांवर नीट बसवायचे, हललेला भाग गाळायचा आणि बाकीचा जोडायचा. मी त्या वेळी अंधाऱ्या जिन्यात उभं राहून काढलेला फोटो अजून जपून ठेवलाय. जिन्याच्या कठड्याचा रंग हिरवा आहे, हे मला त्या फोटोत कळलं.

"१ इंची सेन्सर" असं कुठे लिहिलेलं असेल तर पट्टी लावायला जाऊ नका. त्याचा कर्ण साधारण १६ मिलिमीटर भरतो. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळीच्या मापावरून चिकटलेलं नाव आहे ते.

आता माझी ओळ. बटण दाबल्यावर फोटो कधी निघतो? मागच्या महिन्यात भाचीला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या आणि दोन फोनांवर दहा-दहा फोटो काढले. प्रत्येक वेळी ती हवेत असताना बटण दाबलं. एका फोनात दहापैकी आठ वेळा पाय हवेत. दुसऱ्यात दोनदा. बाकी आठ वेळा पोरगी जमिनीवर उतरून दोरी पायात अडकवून उभी. मेगापिक्सेल दुसऱ्यात जास्त होते. कारण असं की काही कॅमेरे ॲप उघडल्यापासूनच मागचे काही क्षण साठवत राहतात आणि तुम्ही बटण दाबलं की त्यातलीच चित्रं उचलतात. बाकीचे तुम्ही दाबल्यावर कामाला लागतात.

वाटाड्या:
कवडसा, मेगापिक्सेलची ओळ उडवली. "पाय हवेत" अशी नवी ओळ लिहिली. बायकोने स्क्रीनवर बघितलं आणि विचारलं, हे काय चाललंय.

स्क्रूड्रायव्हर:
मी फोन उघडून दुरुस्त करतो, तेच पोटापाण्याचं काम. ॲपल की सॅमसंग हा वाद ऐकला की गंमत वाटते, कारण झाकण उघडल्यावर आत दोन्ही घरांची सोयरीक दिसते. २०१७ च्या आयफोन टेनची ओएलईडी स्क्रीन सॅमसंगच्याच स्क्रीन कंपनीने बनवलेली. आयफोनचे कॅमेरा सेन्सर सोनीचे. ॲपलच्या ए मालिकेतल्या चिपा तैवानच्या टीएसएमसीत बनतात, क्वालकॉमच्या वरच्या दर्जाच्या स्नॅपड्रॅगन चिपाही तिथेच. काच बहुतेकांची कॉर्निंगची. तेव्हा "ह्याचं हार्डवेअर भारी" म्हणताना नेमकं काय भारी ते सांगा. सुटे भाग बाजारात सगळ्यांनाच मिळतात. ते बसवतात कसे, गरम झाल्यावर काय करतात, आणि पाच वर्षांनी बदलून मिळतात का, इथे फरक पडतो.

माझी ओळ अर्थातच बॅटरीची. एमएएच बाजूला ठेवा आणि किती आवर्तनांनंतर (एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरली की एक आवर्तन) किती उरते ते बघा. ॲपलच्याच सांगण्यानुसार आयफोन १४ पर्यंतची बॅटरी ५०० आवर्तनांनंतर ८० टक्के उरेल अशी बनवलेली आहे, १५ पासून १००० आवर्तनांनंतर. दिवसाला एक आवर्तन धरलं तर पहिला हिशेब दीड वर्षाच्या आतच संपतो. एका ओळीत हा एवढा मोठा बदल झाला आणि जाहिरातीत तो क्वचितच दिसतो. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आलाय: ८०० आवर्तनांनंतर ८० टक्के उरली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं मुख्य सुटे भाग मिळाले पाहिजेत. नियम तिथला असला तरी फोन तोच असतो, त्यामुळे बाकीच्यांनाही थोडं सुख.

डबलक्लिक:
दादा, बॅटरीचा विषय काढलात तर चिनी कंपन्यांचं नाव घ्यावंच लागेल. ऑनरने २०२३ मध्ये सिलिकॉन-कार्बनची बॅटरी आणली. वनप्लस १३ मध्ये ६००० एमएएच आहे. गॅलॅक्सीचा अल्ट्रा २०२० च्या एस२० पासून २०२५ च्या एस२५ पर्यंत ५००० वरच ठाण मांडून बसलाय. ह्याला काय म्हणायचं?

स्क्रूड्रायव्हर:
ग्रॅफाइटपेक्षा सिलिकॉन लिथियम कितीतरी जास्त धरून ठेवतं, पण चार्ज होताना फुगतं. म्हणून कार्बनबरोबर मिसळून त्याला वेसण घालतात. चिनी कंपन्यांनी ते साधलंय, शाबासकी द्यायलाच हवी. सॅमसंगने एवढी वर्षं पाय मागे का घेतला, ह्याचा माझा आपला अंदाज: २०१६ चा नोट ७. ऑगस्टमध्ये आला, सप्टेंबरात परत बोलावला, बदलून दिलेलेही पेटायला लागले, ऑक्टोबरात उत्पादनच बंद. नंतर कारणं बाहेर आली तेव्हा कळलं की दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगळे दोष होते. एकीत कोपऱ्याला जागा कमी पडून आतले थर दबले होते, दुसरीत जोडाची टोकं आत घुसत होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

सांजवेळ:
बॅटरीवरून माझ्या लाडक्या कंपनीचंही पाप सांगून टाकते, नाहीतर डबलक्लिकराव सांगतीलच. २०१७ च्या जानेवारीत ॲपलने एक अपडेट दिलं. बॅटरी थकलेली असेल तर प्रोसेसर मुद्दाम संथ करायचा, म्हणजे फोन अचानक बंद पडणार नाही. विचार बरा होता. सांगितलं मात्र कुणालाच नाही. डिसेंबरात भांडं फुटलं, माफी मागितली आणि पुढचं वर्षभर बॅटरी स्वस्तात बदलून दिली. सेटिंग्जमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दिसते ना, ती ह्या वादानंतर, २०१८ च्या मार्चमध्ये आली.

डबलक्लिक:
आज तुम्ही मला बोलायला जागाच ठेवत नाही. ठीक, मग आमच्या बाजूचंही. २०२२ मध्ये सॅमसंगची गेम ऑप्टिमायझिंग सेवा उघडी पडली. गेम आणि इतर असंख्य ॲपांचा वेग दाबायचा, वेग मोजणाऱ्या ॲपांना मात्र मोकळं सोडायचं. गीकबेंच ह्या वेग मोजणाऱ्या ॲपने एस१० पासून एस२२ पर्यंतचे फोन आपल्या यादीतून काढले. आदल्या वर्षी वनप्लस ९ चीही अशीच पाठवणी झाली होती. तेव्हा वाटाड्या, तुमच्या तक्त्यातली गीकबेंचची ओळ म्हणजे परीक्षेत पर्यवेक्षक वर्गात असतानाचे मार्क आहेत. पंधरा-वीस मिनिटं सलग गेम खेळा आणि विसाव्या मिनिटाला किती फ्रेम येतात ते बघा.

घुबड:
रात्रपाळी करतो, फोन अंधारात वापरतो. माझी ओळ कुणीच लिहिली नाही: पीडब्ल्यूएम. बऱ्याच ओएलईडी स्क्रीन चमक कमी करताना खरं तर मंद होत नाहीत, भराभर उघडझाप करतात. अनेक आयफोनांत सेकंदाला ४८० वेळा, ऑनर मॅजिक ६ प्रोमध्ये ४३२०. बहुतेकांना काही जाणवत नाही. मला अर्ध्या तासात भुवईच्या वर ठणका लागतो. चष्म्याचा नंबर दोनदा तपासून झाला, तेव्हा कुठे फोनवर संशय आला. तपासायला सोपं आहे. चमक अगदी कमी करा आणि दुसऱ्या फोनच्या स्लो मोशनमध्ये स्क्रीन बघा, काळे पट्टे धावताना दिसतील. पट्टे जितके जाड, तितका माझा त्या फोनला लांबून नमस्कार.

टाचणी:
आत्ता करून बघितलं. आता रोज डोकं दुखणार. धन्यवाद.

ओवी:
बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज लिहिते. कंपनीचं नाव सांगत नाही.

आईच्या फोनमध्ये गोळ्यांची आठवण करणारं ॲप टाकून दिलं होतं. सकाळी आठ, रात्री नऊ. फोन चांगला दणकट घेतला, १२ जीबी रॅम, वर पुन्हा ८ जीबी "आभासी" रॅम. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, अगं, तुझा फोन हल्ली बोलत नाही. मी बघितलं तर ॲप होतं, वेळ बरोबर होती, आवाज मोठा होता. फोनने बॅटरी वाचवायची म्हणून ते ॲप मागच्या मागे बंद केलं होतं. चार दिवसांच्या गोळ्या डबीत तशाच. सुदैवाने काही झालं नाही.

मग तीन वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन परवानग्या द्याव्या लागल्या: आपोआप सुरू होऊ दे, पार्श्वभूमीत चालू दे, बॅटरी बचतीतून वगळ. महिन्याभराने अपडेट आलं आणि त्यातली एक परवानगी परत पहिल्यासारखी. साधं अँड्रॉइड इतकं मारकुटं नाही, ही जास्तीची बचत कंपन्या आपापल्या वरच्या थरात घालतात. "बॅटरी दोन दिवस चालते" ह्या हिरव्या चौकोनात आईच्या गोळ्यांचाही वाटा असतो, हे मला असं कळलं. आणि ती आभासी रॅम म्हणजे स्टोरेजमधलाच तुकडा, खऱ्या रॅमपेक्षा पुष्कळ हळू.

स्क्रूड्रायव्हर:
ओवीताई, नोटिफिकेशन येत नाही म्हणून फोन घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी हेच करून देतो. स्क्रू एकही काढावा लागत नाही.

कवडसा:
ओवी, हे वाचून माझ्या उड्यांचा प्रयोग फार लाडिक वाटायला लागला.

वाटाड्या:
सगळ्यांचे आभार. तक्ता नव्याने केला, ओळी सात उरल्या. दहा दिवसांनी सांगतो.

वाटाड्या:
दहा म्हणालो होतो, सोळा लागले.

अंतिम फेरीतले दोन फोन मित्रांकडून आठवड्यासाठी मागून आणले. दोन्ही कंपन्यांचं सात वर्षं अपडेट द्यायचं वचन आहे. गूगलने ते २०२३ च्या पिक्सेल ८ पासून द्यायला सुरुवात केली, सॅमसंगने २०२४ च्या एस२४ पासून. त्यामुळे त्या ओळीत दोघंही हिरवे. (सात वर्षं पुरी व्हायला अजून अवकाश आहे, म्हणून मी फिकट हिरवा दिलाय.) दोघांवर ओवीताईंसारखं आठवण करणारं एकच ॲप टाकलं, आठवणी त्याच वेळच्या, परवानग्यांना हात लावला नाही. रात्री दोन्ही उशाशी उपडे. सहा दिवस दोन्ही एका सुरात वाजले. सातव्या सकाळी एकच वाजला, दुसरा मी हातात घेऊन स्क्रीन उघडल्यावर अकरा मिनिटं उशिरा वाजला, चोरी पकडल्यासारखा. कुठला ते विचारू नका. एका आठवड्याच्या प्रयोगावरून कुणाच्या कपाळी शिक्का मारणार नाही.

भाचीची उधारी नको म्हणून शेजारचं मांजर घेतलं. ते उडीच मारेना. चाचणी रद्द.

घुबडराव, पट्टे दोन्हीकडे दिसले, एकात जाड.

जो वेळेवर वाजला तो घेतोय. पहिल्या तक्त्यात तो चौथा होता. जुना फेकला नाही. बॅटरी बदलून घेतली, तर आता तो रात्री दहापर्यंत टिकतो आणि मुलगा म्हणतो, मग नवा कशाला घेताय. ह्यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

डबलक्लिक:
म्हणजे तीन आठवडे, वर सोळा दिवस, आणि निष्पन्न काय, तर जुनाच बरा होता.

सांजवेळ:
अहो, त्यांच्या पत्नी पहिल्यापासून तेच सांगत होत्या.

टाचणी:
पंचविसाव्या ओळीचं काय झालं?

वाटाड्या:
मावतो. पण खाली बसताना बाहेर काढावा लागतो.